साडूच्या गाडीवरचा एल बोर्ड

माझी चेष्टा कधी कुणाच्या अंगाशी येत नाही. हे मी छाती पुढे काढून सांगायचो. चेष्टा आणि गाडी, दोन्हीचे नियम सारखेच. वेग किती ठेवायचा, वळायचं कुठे आणि थांबायचं कधी, एवढं कळलं की अपघात होत नाही. आणि मी तर गाडी शिकवणारा माणूस! माझं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शहरातले निम्मे लोक माझ्या हाताखालून गेले आहेत. उरलेले निम्मे त्यांना चुकवत रस्ता ओलांडतात.

तर हा माझा दावा तळ्याकाठच्या त्या रविवारपर्यंत टिकला होता.

त्याचं असं झालं. माझे साडू दातांचे डॉक्टर आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, यजमान. वयानं मोठे, मानानं मोठे, आणि हे ते मला विसरू देत नाहीत. त्यांच्या घरी गेलो की ‘या’ म्हणायच्या आधी माझ्या दातांकडे बघतात. मग एक सुस्कारा सोडतात. मग ‘या’ म्हणतात.

या डॉक्टरांकडे एक जुनी गाडी आहे. लाल, बुटकी, उघड्या टपाची, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे असलेली. डॉक्टरांच्या जन्माआधीची, पण तिचा एकूण एक भाग मूळचा आहे. डॉक्टरांबद्दल तसं म्हणता येणार नाही. दर सुट्टीला ते तिची पुढची जाळी टूथब्रशनं घासतात. मऊ केसांच्या. ताईंचा वाढदिवस ते विसरतात, पण गाडीचं तेल बदलायचा दिवस कधी चुकत नाही.

डॉक्टरांचं आयुष्यात एकच स्वप्न होतं. जुन्या गाड्यांच्या क्लबाचं सभासद व्हायचं. तो क्लब म्हणजे मोठं कडक प्रकरण. नुसती जुनी गाडी असून भागत नाही, परीक्षा द्यावी लागते. डॉक्टर त्या परीक्षेत दोनदा आपटले होते. आणि आता ताईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, “यंदा घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर गाडी विकायची. गिऱ्हाईक येऊन बघून गेलंय. त्या गॅरेजमध्ये मी माझा शिवणाचा क्लास काढणार.”

ताई बोलल्या की बोलल्या. त्यांचा शब्द म्हणजे पक्क्या टाक्याची शिवण.

आदल्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. “मास्तर, रविवारी या दोघं. तळ्याकाठी आमच्या क्लबाची फेरी आहे. तीन गावं, रमतगमत. निवांत फिरू, गाड्या बघू. फक्त कुठल्या गाडीला हात लावायचा नाही.”

त्यांनी ‘आमच्या’ क्लबाची म्हटलं ते मी सोडून दिलं. “आणि तुमची परीक्षा?” मी विचारलं. “त्यात नक्की करायचं काय असतं?”

डॉक्टर खाकरले. “ते तुम्हाला नाही कळायचं, मास्तर. तुम्ही शिकाऊंना शिकवता. ही जाणकारांची परीक्षा असते.”

बघा! गाडीची परीक्षा, आणि मला कळायची नाही! उभं आयुष्य लोकांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरणाऱ्या माणसाला हे ऐकायला मिळालं, तेही दात कोरणाऱ्या माणसाकडून. मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. पण डोक्यात चाक फिरायला लागलं होतं.

रविवारी आम्ही दोघं आमच्या स्कूलच्या गाडीतून निघालो. आमची घरची गाडी तीच. टपावर स्कूलचं नाव, दारांवर फोन नंबर. दोन्ही बाजूंना ब्रेक. त्यामुळे आमच्या घरात गाडी मी चालवतो आणि थांबवते बायको.

पहिल्या गावात तळ्याकाठच्या हिरवळीवर सगळ्या गाड्या ओळीत उभ्या होत्या. काय सांगू, डोळ्यांचं पारणं फिटलं. एक फिकट हिरवी, जिच्या पाठीला माशासारखे कल्ले होते. एक पिवळी, इतकी लांब की तिचं नाक एका झाडाखाली आणि शेपूट दुसऱ्या. एकीचं स्टिअरिंग लाकडाचं, एकीचा हॉर्न रबरी फुग्याचा. आणि प्रत्येक गाडीशेजारी तिचा मालक, हातात फडकं घेऊन. मी एकीच्या नुसता जवळ गेलो, तर मालकानं माझी सावली पडलेली जागा पुसून घेतली.

आमचे डॉक्टर लाल गाडीच्या पुढच्या बाजूला उभे राहून जमलेल्यांना जाळीविषयी सांगत होते. “बघा, एकही पट्टी किडलेली नाही,” असं काहीतरी चाललं होतं. गाड्यांची तोंडं हिरवळीकडे होती आणि पाठी तळ्याकडे. मागे फक्त कठडा, पाणी आणि बदकं.

म्हणजे मागे बघणारं कुणी नव्हतं. मी माझ्या गाडीच्या डिकीतून एल बोर्ड काढला. पांढऱ्यावर लाल अक्षर, खाली स्कूलचं नाव आणि माझा नंबर. मागे लोहचुंबक. अंग मोकळं करतोय असं दाखवत मी लाल गाडीच्या मागे गेलो आणि बोर्ड डिकीच्या मधोमध लावला. हल्लीच्या गाड्यांच्या पत्र्यात काही दम नसतो. हा जुना पत्रा! बोर्ड असा चिकटला, जसा सुट्टीत आलेला पाहुणा.

माझा बेत अगदी साधा होता. पाच-दहा मिनिटांत कुणीतरी मागून येईल, बोर्ड बघेल, हसेल. डॉक्टर लाजतील. मी म्हणेन, “काय जाणकार, शिकाऊ कधीपासून?” मग सगळे आइसक्रीम खाऊ. इतकी बेताची, घरगुती चेष्टा.

मी बायकोजवळ येऊन साळसूदपणे उभा राहिलो. तेवढ्यात हिरवळीवर एकदम शांतता झाली. फडकी खिशात गेली. एक लांबलचक काळी गाडी आवाज न करता आत आली आणि तिच्यातून एक वयस्कर बाई उतरल्या. पांढरे केस, ताठ कणा, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा.

“क्लबाच्या अध्यक्ष,” ताई माझ्या कानात कुजबुजल्या. “पूर्वी न्यायाधीश होत्या. सगळे जजबाई म्हणतात. आता परीक्षा.”

“काय असतं हो त्यात?” मी विचारलं.

“त्यांनी सांगितलं नाही? कसं सांगतील! दोनदा नापास झालेत. अहो, जजबाई यांची गाडी चालवणार आणि हे जजबाईंची. हे पुढे, त्या मागे. पार तिसऱ्या गावापर्यंत. यांनी एकदाही मागे वळून बघायचं नाही. झालं. एवढीच परीक्षा.”

“एवढीच?”

“जजबाई म्हणतात, स्वतःची गाडी कुणीही जपतो. दुसऱ्याची कशी चालवतो आणि आपली दुसऱ्याच्या हाती दिल्यावर जिवाला स्वस्थता ठेवतो का, त्यावरून माणूस कळतो. पहिल्या वेळी हे दुसऱ्याच वळणावर थांबले. म्हणे, गिअरचा आवाज नीट वाटला नाही. दुसऱ्या वेळी मान इतकी वळवली की जजबाईंची गाडी फुलांच्या वाफ्यात. आज वळले तर उद्या गिऱ्हाईक गाडी घेऊन जाईल.” एवढं बोलून ताईंनी पदर चाचपला. विकायची धमकी त्यांनीच दिली होती, पण डोळे त्यांचेच भरले होते.

लाल गाडी आता जजबाई चालवणार होत्या. मागे एल बोर्ड लावून. आख्ख्या तळ्याभोवती!

मी धावलो. म्हणजे धावत नाही असं दाखवत धावलो. कठड्यापाशी पोचतो तोच कुणीतरी ओरडलं, “अहो, फोटोत येताय! बाजूला व्हा!” मी बाजूला झालो. पुन्हा पुढे सरकलो, तर ताईंनी माझा दंड धरला. “मास्तर, मला तुमच्या गाडीत घ्या. आमच्या गाडीत आता जजबाई.” मी म्हणालो, “आलोच, जरा बदकं बघून येतो.” “बदकं कसली बघताय!” म्हणत त्यांनी मला ओढलंच.

तोवर डॉक्टर काळ्या गाडीत बसले होते. तिच्या आरशावर रुमाल बांधलेला होता. कुणीतरी शिट्टी वाजवली. काळी गाडी निघाली. जजबाईंनी लाल गाडीला चावी दिली आणि क्लच असा सोडला की ती सशासारखी उडी मारून पुढे गेली. माझा उजवा पाय आपोआप हिरवळीत रुतला. आता सवयच ती.

आम्ही तिघं मागोमाग निघालो. बायको शेजारी, ताई मागे. पहिल्याच वळणावर लाल गाडीची पाठ समोर आली. उन्हात बोर्ड लखलखत होता.

“अगं बाई,” ताई म्हणाल्या. “ते काय लावलंय?”

बायको पुढे वाकली. “अहो, तो आपला बोर्ड ना?”

माणूस संकटात सापडला की त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते खोटं असतं. “डॉक्टरांनी मागून घेतला,” मी म्हणालो. “कशाला ते मला काय ठाऊक!”

“भाऊजींनी?”

“हो. सकाळीच. मी म्हटलं, न्या.”

दोघींनी मान डोलावली. मी मनात म्हणालो, चला, निभावलं. किती मूर्ख होतो मी!

तळ्याकाठचा तो रस्ता फार देखणा आहे. एका बाजूला पाणी, होड्या, दुसऱ्या बाजूला झाडं. मी त्यातलं काही बघितलं नाही. मी बघत होतो बोर्ड आणि लोक. लोक जजबाईंना हॉर्न वाजवून, हात करून पुढे जात होते. एक सायकलवाला तर शेजारून जाताना म्हणाला, “शाबास आजी, जमतंय! घाबरू नका!” एका बसच्या खिडक्यांतून पोरं टाळ्या वाजवत होती. क्लबाच्या बाकीच्या गाड्या, ज्या रांगेत यायच्या, त्यांनी बोर्ड बघताच इतकं अंतर ठेवलं की आमच्यामागे नुसता मोकळा रस्ता. शिकाऊ माणसाच्या जवळ आपली जुनी गाडी कोण नेणार?

आणि सगळ्यांत पुढे काळ्या गाडीत आमचे डॉक्टर. मागे एवढा कल्ला, एवढे हॉर्न, पण मान खांबासारखी ताठ. ताई मागच्या सीटवर पुटपुटत होत्या, “बघू नका हो, बघू नका.” मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं. आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांच्या स्वप्नाच्या पाठीवर मी माझा नंबर चिकटवून ठेवला होता.

मधल्या गावात, धक्क्याजवळच्या चौकात हवालदारांनी शिट्टी मारली. हात आडवा केला. काळी गाडी आधीच पुढे गेली होती. ती गेलीच. शिट्टीनंही डॉक्टरांची मान हलली नाही. लाल गाडी थांबली. मी पाठीमागे आइसक्रीमच्या गाडीआड थांबलो आणि काच खाली केली.

“आजी, शेजारी कोण आहे?” हवालदारांनी विचारलं.

“कुणी नाही,” जजबाई म्हणाल्या.

“शिकाऊ माणसानं एकट्यानं चालवायची नसते. लायसन्स आहे?”

“आहे. पर्समध्ये.”

“पर्स कुठाय?”

“गाडीत.”

“मग दाखवा की.”

“ती काय,” जजबाईंनी रस्त्याकडे बोट दाखवलं, “आत्ता गेली.”

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. जजबाई खाली उतरल्या. “शिकाऊ कोण म्हणालात?” हवालदारांनी गाडीची पाठ दाखवली. जजबाई मागे आल्या, चष्मा नीट केला आणि बोर्ड वाचला. फिर्याद वाचावी तसा, वरपासून खालपर्यंत.

हवालदार भला माणूस होता. म्हणाला, “कुणी चेष्टा केली असेल. मी काढून टाकतो. जा तुम्ही.”

“हात लावू नका,” जजबाई म्हणाल्या. “गाडीला बोर्ड आहे. माझ्याजवळ लायसन्स नाही. कायद्याच्या दृष्टीनं मी या क्षणी शिकाऊ आहे. मी न्यायासनावर बसून याहून लहान गोष्टींसाठी लोकांना दंड केलाय. स्वतःला सूट देऊ? शेजारी शिकवणारा बसल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही. त्यावर नंबर आहे. लावा फोन.”

आणि माझा फोन वाजला. चौकात तसा दुसरा कसलाच आवाज नव्हता.

“अहो, फोन वाजतोय,” बायको म्हणाली.

“वाजू दे.”

“हवालदार फोन करतायत.”

“कुणाला तरी करत असतील.”

“ते आपल्याकडेच बघतायत. आपल्या टपाकडे.”

लपणार कुठे? टपावर हातभर अक्षरांत तेच नाव, दारावर तोच नंबर! मी आइसक्रीमच्या गाडीआडून बाहेर आलो. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर खोकलाच आला.

“शिकवणारे मास्तर तुम्हीच?” जजबाई म्हणाल्या. “बसा.”

मी बसलो. पाठीमागे माझी गाडी ताईंनी घेतली. त्या गाडी माझ्याचकडे शिकल्या आहेत, त्यामुळे ती काळजी होतीच, पण आता तिचा नंबर दुसरा होता.

आम्ही निघालो. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण तोंडाचं आणि पायाचं काय करणार? पहिल्याच वळणावर मी म्हणालो, “क्लच पूर्ण दाबा. आता हळू सोडा. आरसा बघा.” जजबाईंनी आरसा बघितला. माझा पाय गाडीच्या तळावर थाडकन आपटला.

“पाय का आपटताय?”

“ब्रेक.”

“तिथे ब्रेक नाही.”

“सवय आहे. माफ करा.”

पुढच्या चढावर त्यांनी गिअर असा टाकला की गाडी कण्हली. माझ्या तोंडून निघून गेलं, “असं केलंत तर परीक्षेत नापास व्हाल.”

जजबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तळ्याकडे बघितलं. तळं छान होतं.

“बोर्ड कुणी लावला?” त्यांनी शांतपणे विचारलं.

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लोकांना विचारला असणार, आणि लोक आयुष्यभर पोपटासारखे बोलले असणार. खरं सांगितलं असतं तर? साडूची चेष्टा, अध्यक्षांची शोभा, क्लबाची फजिती. अशा घरातल्या माणसाला कोण सभासद करून घेईल? माझ्या डोळ्यांसमोर रिकामं गॅरेज आलं. त्यात शिवणाची मशीन, आणि कोपऱ्यात डॉक्टर, हातात टूथब्रश घेऊन, घासायला काही नाही म्हणून बसलेले. मला ते सहन होईना.

“डॉक्टरांनी,” मी म्हणालो. “माझ्याकडून मागून घेतला.”

“का?”

एक खोटं बोललं की त्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. “ते म्हणाले,” मी घसा साफ केला, “गाडी इतकी जुनी, तिच्यापुढे मी कोण? मी अजून शिकतोच आहे. ते लोकांना दिसलेलं बरं.”

तिसरं गाव येईपर्यंत जजबाईंनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. मी समजलो, गेलं सगळं. इतकं बेचव खोटं त्यांनी कोर्टातसुद्धा ऐकलं नसेल. मी नुसता पाय आपटत बसलो.

तिसऱ्या गावात धक्क्यावर काळी गाडी उभी होती. तिच्याशेजारी डॉक्टर, आमच्याकडे पाठ करून, तळ्याकडे तोंड. सगळ्या गाड्या आल्या, माणसं जमली, तरी हे वळायला तयार नाहीत. शेवटी ताईंनी जाऊन त्यांना खांदा धरून फिरवलं.

जजबाई लाल गाडीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. “मंडळी,” त्या म्हणाल्या, “आपल्या क्लबात येणारा प्रत्येक जण छाती फुगवून येतो. मीही तशीच आले होते. आज पहिल्यांदा एक उमेदवार असा आला, ज्यानं आपल्या गाडीवर शिकाऊचा बोर्ड लावला. आज मी त्या बोर्डाखाली गाडी चालवली. रस्त्यानं मला धीर दिला, वाट दिली. कुणी स्पर्धा केली नाही. आणि मला कळलं की माझा गिअर वाईट पडतो. इतकी वर्षं मला हे सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.” त्या डॉक्टरांकडे वळल्या. “तुम्ही म्हणालात ना, मी अजून शिकतोच आहे?”

डॉक्टरांनी हात जोडले आणि मान हलवली. हो.

“बोर्ड तुम्ही स्वतः मागून घेतलात?”

पुन्हा मान. हो.

“सभासद करून घेतलं,” जजबाई म्हणाल्या. टाळ्यांनी बदकं उडाली. ताई डॉक्टरांच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. माझेही डोळे ओले झाले, खोटं कशाला बोलू? आज आधीच पुष्कळ बोलून झालं होतं.

मी डॉक्टरांना मिठी मारायला गेलो, तर ते कानातून काहीतरी उपसत होते. कापूस! दात काढताना गालात ठेवतात तो. “मागचे आवाज ऐकले की मान वळते,” ते म्हणाले. “म्हणून सकाळीच ठासून भरला. काय म्हणाल्या हो त्या? मी आपला मान हलवत गेलो.”

मी त्यांना गाडीच्या मागे नेलं. त्यांनी बोर्ड बघितला. खालचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या दातांकडे नाही, डोळ्यांकडे. जजबाई काय बोलल्या ते मी घाईघाईत सांगितलं आणि म्हणालो, “चुकलं माझं. काढतो.” मी हात पुढे केला.

“राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरलं. “शोभतोय.”

आणि पुढच्या घटकाभरात तो माणूस त्या बोर्डावर स्वार झाला. ज्याला त्याला सांगत सुटला, “आपण सगळे शिकाऊच हो! गाडीपुढे काय, आयुष्यापुढे काय!” कुणी वही काढून ते लिहून घेतलं. क्लबानं तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे प्रत्येक नव्या सभासदानं पहिलं वर्ष बोर्ड लावायचा. डॉक्टरांसोबत फोटो काढायला रांग लागली. मला कुणीतरी फोटो काढायला कॅमेरा दिला.

निघताना जजबाईंनी मला बाजूला घेतलं. “मास्तर, शिकवणं चांगलं आहे तुमचं. पण एक करा. आमच्या क्लबासाठी कधी अर्ज करू नका. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना तुमच्या पायाला चैन नाही.”

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मला वाटलं होतं, साडूंचं भलं झालं, तेवढ्यावर मन शांत होईल. पण बायको शेजारी बसून एकसारखी सुरू होती. “भाऊजी म्हणजे किती निगर्वी हो! एवढे डॉक्टर, एवढं नाव, आणि स्वतःहून शिकाऊ म्हणवून घेतात. नाहीतर काही माणसं!” तिनं त्या काही माणसांकडे बघितलं नाही, बाहेर बघितलं. “शिका जरा त्यांच्याकडून.”

मी शेवटी गाडी कडेला घेतली. “हे बघ,” मी म्हणालो, “तो बोर्ड मी लावला. चेष्टा म्हणून. मागून बिगून काही घेतला नव्हता. शिकतोच आहे वगैरे सगळं मीच जुळवलं. भाऊजींनी कानात कापूस घातला होता, त्यांना ऐकूसुद्धा आलं नाही.”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कीव होती.

“सकाळी तुम्हीच म्हणालात, त्यांनी मागून घेतला,” ती म्हणाली. “ताईच्या देखत. ते स्वतः चारचौघांत हो म्हणाले. आणि आता त्यांचं कौतुक झालं, तर लगेच मी केलं, मी केलं!” तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. “अहो, इतकं जळू नये एखाद्यावर. चला, घ्या गाडी. ताईला सांगणार नाही मी.”

मी गाडी घेतली. काय करणार?